एकाच मुलाचे दोन बुद्ध्यांक

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

बुद्धिचाचण्यांबद्दल आलेल्या पत्रांत एकच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत आहे: दोन ठिकाणी चाचणी केली, दोन आकडे आले, मग खरा कोणता? त्यांतली काही पत्रं इथे थोडक्यात दिली आहेत. पत्रलेखकांची नावं वगळली आहेत.

प्रश्न : मुलगा चौथीत आहे. शाळेतल्या समुपदेशकांनी बिने-कामत चाचणी घेतली तेव्हा आयक्यू १२४ आला. सात महिन्यांनी दुसऱ्या सायकॉलॉजिस्टकडे वेक्सलरची भारतीय मानकांची चाचणी झाली, तिथे १०८. सात महिन्यांत सोळा गुण गेले कुठे? मोबाइलमुळे असं होतं का?
– एक पालक, नाशिक

उत्तर : गुण कुठेही गेले नाहीत, आणि मोबाइलचा इथे काही संबंध नाही. दोन्ही आकड्यांना ‘बुद्ध्यांक’ हे एकच नाव असलं तरी ते वेगळ्या रीतीनं तयार होतात.

बिने-कामत चाचणीत आधी मुलाचं ‘मानसिक वय’ काढतात. ज्या वयाचे सगळे प्रश्न मूल सोडवतं ते पायाभूत वय. त्याच्या वरच्या प्रत्येक बरोबर उत्तराला ठरावीक महिने मिळतात. एका वर्षाच्या पातळीवर सहा प्रश्न असतील तर प्रत्येकाला दोन महिने, असा हिशेब. आठ वर्षांच्या, म्हणजे ९६ महिन्यांच्या मुलाचं मानसिक वय ११२ महिने भरलं, तर ११२ भागिले ९६ गुणिले १००, म्हणजे ११७. ही भागाकाराची कल्पना १९१२ साली जर्मन मानसशास्त्रज्ञ विल्यम स्टर्ननं मांडली.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डेव्हिड वेक्सलरनं १९३९ मध्ये हा भागाकार टाकून दिला. त्याच्या चाचणीत मूल त्याच वयाच्या मुलांमध्ये कितव्या जागी बसतं एवढंच बघतात. सरासरीला १०० म्हणायचं आणि प्रमाण विचलन, म्हणजे गुणांचा पसारा, १५ धरायचा. भागाकारातून आलेल्या आकड्यांचा पसारा प्रत्येक वयात सारखा नसतो, त्यामुळे सहाव्या वर्षीचा १२४ आणि बाराव्या वर्षीचा १२४ सारखेच दुर्मिळ असतील याची हमी नाही. वेक्सलरच्या पद्धतीत ही अडचण उरत नाही.

दुसरं कारण आमच्या मते तुमच्या बाबतीत सगळ्यात मोठं आहे, ते म्हणजे मानकांचं वय. मानकं म्हणजे ज्या मुलांच्या गुणांशी तुमच्या मुलाची तुलना करतात, त्यांच्यावरून बनवलेले तक्ते. व्ही. व्ही. कामतांनी फ्रेंच मानसशास्त्रज्ञ बिनेची ही चाचणी १९३० च्या दशकात धारवाडला कन्नड आणि मराठी मुलांसाठी बसवली. तिची चौथी आवृत्ती १९६७ ची. म्हणजे तुमच्या मुलाची तुलना त्याच्या आजोबांच्या वर्गमित्रांशी झाली. बुद्ध्यांकाचे अभ्यासक जेम्स फ्लिन यांनी १९८४ मध्ये दाखवून दिलं, की अमेरिकेत १९३२ ते १९७८ या काळात सरासरी कामगिरी सुमारे १४ गुणांनी वर सरकली, म्हणजे दर दहा वर्षांना साधारण तीन गुण. हा वेग आपल्याकडे जसाच्या तसा लावू नये, पण दिशा तीच: मानकं जितकी जुनी, तितका आजच्या मुलाचा आकडा फुगतो. क्वचित उलटही होतं. जुन्या चाचणीतली एखादी वस्तू किंवा नाणं आजच्या मुलानं पाहिलेलंच नसतं आणि तिथे गुण जातात. एकूण हिशेबात मात्र फुगवटाच जास्त.

तिसरी गोष्ट चाचणीच्या पोटात काय आहे ही. बिनेच्या परंपरेत बोलणं, समजावून सांगणं, लक्षात ठेवणं यांचा वाटा मोठा. वेक्सलरमध्ये घड्याळ लावून करायची कामंही असतात. ठोकळ्यांची नक्षी जुळवा, चिन्हं भराभर लिहा. तोंडानं तल्लख पण पेन्सिल हातात आली की रेंगाळणाऱ्या मुलाचा आकडा इथे खाली येतो. म्हणून एकूण आकड्याकडे बघण्याआधी रिपोर्टमधले निर्देशांक बघा. भाषिक आकलन १२१ आणि प्रक्रियेचा वेग ८८ असं काही असेल, तर ‘१०८’ ही त्या दोघांची तडजोड आहे. त्या एका आकड्यातून मुलाबद्दल फारसं कळत नाही.

आणि चौथी, निव्वळ मापनातली चूक. दोन चांगल्या चाचण्यांचा आपसातला सहसंबंध, म्हणजे दोन्हींचे गुण किती जुळतात याचं माप (१ म्हणजे तंतोतंत), ०.८ धरला (हा बराच चांगला समजतात) आणि दोन्हींची मानकं निर्दोष मानली, तरी एकाच व्यक्तीच्या दोन गुणांमधल्या फरकाचं प्रमाण विचलन साडेनऊ येतं. हिशेब असा: १५ गुणिले (२ × ०.२) चं वर्गमूळ. म्हणजे दर तीन मुलांमागे एकाच्या दोन आकड्यांत साडेनऊपेक्षा जास्त अंतर पडणार आणि दर अकरा मुलांमागे एकाच्या आकड्यांत सोळा किंवा जास्त. कोणी काहीही चुकीचं केलेलं नसताना.

तरीही सोळा गुणांचा फरक आला की एकदा रिपोर्ट तपासून घ्यावा, कारण कारकुनी चुका वाटतात त्यापेक्षा जास्त होतात. सगळ्यात आधी जन्मतारीख. शाळेत घालताना १ जून लावून टाकायची जुनी सवय महाराष्ट्राला चांगली माहीत आहे, आणि अजूनही कागदावरची तारीख आणि खरी तारीख वेगळी असलेली मुलं येतात. वरच्या उदाहरणात ९६ महिन्यांच्या जागी १०२ महिने धरले तर ११७ चा ११० होतो. सहा महिन्यांच्या चुकीला सात गुणांचा दंड. वेक्सलरमध्ये मानकांचे तक्ते चार-चार महिन्यांच्या वयोगटांचे असतात. गट बदलला की तेवढ्याच बरोबर उत्तरांना कमी गुण मिळू शकतात.

वय स्वतः मोजून बघा. चाचणी ५ ऑगस्ट २०२४ ला झाली, जन्म २० नोव्हेंबर २०१५ चा. पाचातून वीस जात नाहीत, म्हणून एक महिना उसना घेऊन ३० दिवस मिळवायचे: ३५ वजा २०, १५ दिवस. महिने उरले सात, त्यातून अकरा जात नाहीत, एक वर्ष उसनं: १९ वजा ११, आठ महिने. वर्षं २०२३ वजा २०१५, आठ. वय ८ वर्षं ८ महिने १५ दिवस. वरचे पंधरा दिवस पुढच्या महिन्यात ढकलायचे नसतात. ‘नऊला आलाच’ म्हणून नऊ तर मुळीच धरायचे नसतात.

त्यानंतर मूळ गुणांची बेरीज, तक्त्याचं योग्य पान, आणि थांबण्याचा नियम. सलग ठरावीक प्रश्न चुकले की उपचाचणी थांबवायची असते. परीक्षकानं एक प्रश्न आधीच थांबवलं तर पुढचे मिळू शकणारे गुण बुडतात. प्रश्नपत्रिका तुम्हाला दाखवणार नाहीत, प्रश्न फुटू नयेत म्हणून ते योग्यच आहे. पण उपचाचण्यांचे गुण, वय, चाचणीची आवृत्ती आणि ९५ टक्के खात्रीचा पट्टा (खरा गुण ज्या दोन आकड्यांच्या मध्ये असण्याची ९५ टक्के खात्री असते तो) रिपोर्टमध्ये हवा, तो मागून घ्या.

दोन्ही रिपोर्ट तपासून स्वच्छ निघाले, तर आम्ही नव्या मानकांचा आकडा धरू आणि तोही ‘१०८’ असा नाही, तर ‘साधारण १०२ ते ११४’ असा.

प्रश्न : मी ३४ वर्षांचा आहे. एका ॲपवर माझा आयक्यू १४२ आला, दुसऱ्या वेबसाइटवर १२६. मेन्साला १३० लागतात म्हणे, कोणी १४८ सांगतं. नक्की किती?
– वाचक, पुणे

उत्तर : सराफाकडे आजचा तोळा १० ग्रॅमचा, आजीच्या पाटल्या घडल्या तेव्हाचा ११.६६ ग्रॅमचा. पाटली तीच, तोळे वेगळे. बुद्ध्यांकाचंही तसंच, फक्त इथे माप सांगताना कुठला तोळा ते कोणी सांगत नाही.

वेक्सलर आणि २००३ पासूनची स्टॅनफर्ड-बिने (बिनेच्या चाचणीचं अमेरिकी रूप) १५ चं प्रमाण विचलन वापरतात. जुनी स्टॅनफर्ड-बिने १६ वापरायची. कॅटेलच्या एका प्रसिद्ध चाचणीत ते २४ आहे. मेन्सा ही उंच बुद्ध्यांकाच्या लोकांची संघटना, तिची अट आकड्याची नसून वरच्या २ टक्क्यांत येण्याची आहे. ती जागा १५ च्या मापात १३० च्या जरा वर, १६ च्या मापात १३२ आणि कॅटेलच्या मापात १४८ अशी लिहितात. तिन्ही आकडे एकाच माणसाचे असू शकतात.

तुमचेही बहुधा तसेच आहेत. १४२ हा आकडा २४ च्या मापातला धरा: ४२ भागिले २४, म्हणजे १.७५. त्याला १५ नं गुणा आणि १०० मिळवा, १२६ येतात. दुसऱ्या साइटनं हेच सांगितलं होतं. १२६ म्हणजे २५ माणसांत एक. तेच १४२ जर १५ च्या मापातले असते तर सुमारे ३९० माणसांत एक. फरक केवढा आहे बघा, आणि ॲप विचलनाबद्दल अवाक्षर काढत नाही.

अर्थात, हे गणित जुळलं म्हणून १२६ खरा ठरत नाही. बहुतेक ॲपची मानकं म्हणजे ज्यांनी हौसेनं ते ॲप उघडलं त्यांचे गुण. वेळ नीट लावलेली नसते, उत्तर चुकलं तर पुन्हा देता येतं, आणि शेवटी प्रमाणपत्राचे पैसे मागायचे असल्यामुळे आकडा गोड ठेवण्याकडे कल असतो. मेन्साचीच इच्छा असेल तर त्यांची देखरेखीखालची परीक्षा द्या.

प्रश्न : मुलगी अकरा वर्षांची. एका ठिकाणी ७२ आला, दुसऱ्या ठिकाणी ६७. एक जण म्हणतात ‘सीमारेषेवर’, दुसरे ‘सौम्य बौद्धिक दिव्यांगत्व’. प्रमाणपत्रासाठी कुठला रिपोर्ट न्यायचा?
– एक आई, कोल्हापूर

उत्तर : दोन्ही न्या. एकही लपवू नका.

चाचणीची विश्वसनीयता, म्हणजे पुन्हा मोजलं तर गुण किती सारखे येतात याचं माप (१ म्हणजे अगदी तेच), ०.९७ असली तरी मापनातली प्रमाणित त्रुटी २.६ गुण असते, म्हणजे ९५ टक्के खात्रीचा पट्टा दोन्ही बाजूंना पाच-पाच गुणांचा. विश्वसनीयता ०.९० असेल तर त्रुटी ४.७ आणि पट्टा नऊ-नऊ गुणांचा. ७२ म्हणजे चांगल्यात चांगल्या चाचणीत ६७ ते ७७. ६७ म्हणजे ६२ ते ७२. हे दोन रिपोर्ट एकमेकांच्या विरोधात नाहीतच. ७० ही रेघ माणसांनी कागदावर ओढलेली आहे.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे २०१४ मध्ये ‘हॉल विरुद्ध फ्लोरिडा’ या खटल्यात नेमका हाच मुद्दा होता, आणि तिथे प्रश्न फाशीचा होता. त्या आरोपीच्या चाळीस वर्षांत नऊ चाचण्या झाल्या होत्या, गुण ६० पासून ८० पर्यंत. फ्लोरिडा राज्य म्हणत होतं, ७० च्या वर एक गुण जरी असला तरी पुढचा पुरावा ऐकायचा नाही. न्यायालयानं ही ताठर रेघ घटनाबाह्य ठरवली, कारण ती मापनातली त्रुटी मोजतच नाही.

तुमच्या बाबतीत कुठल्या चाचण्या झाल्या ते बघणं महत्त्वाचं. नागपूरच्या आर्थर मालिन यांनी १९६० च्या दशकात वेक्सलरवरून बसवलेली ‘मिसिक’ ही चाचणी सरकारी रुग्णालयांत सर्रास वापरतात. तिच्यात प्रत्येक उपचाचणीचा वेगळा गुणांक काढून त्यांची सरासरी घेतात. वेक्सलरच्या मूळ पद्धतीत सरासरी घेत नाहीत. बेरीज करून ती बेरीज किती दुर्मिळ आहे ते नव्यानं तक्त्यात बघतात. दिसायला किरकोळ, पण टोकाला फार फरक पडतो. सगळ्याच उपचाचण्यांत मूल ८५ वर असेल तर सरासरी ८५ येते. पण सगळीकडेच मागे असणारी मुलं कमी असतात, त्यामुळे वेक्सलरचा तक्ता त्याच मुलाला ८० च्या आसपास बसवतो. वरच्या टोकाला उलट: सगळीकडे ११५ असेल तर सरासरी ११५, वेक्सलरमध्ये १२० च्या घरात. तुमचा ७२ मिसिकचा आणि ६७ वेक्सलरचा असेल, तर मुलीच्या कामगिरीत काहीही फरक नसताना हे अंतर पडू शकतं.

शिवाय प्रमाणपत्र नुसत्या बुद्ध्यांकावर मिळत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा, त्याखाली केंद्राच्या मार्गदर्शक सूचना २०१८ मध्ये आल्या आणि २०२४ मध्ये सुधारल्या गेल्या. २०१८ च्या सूचनांत बुद्धिचाचणीबरोबर व्हाइनलँडची सामाजिक परिपक्वता श्रेणीही होती. तिचं भारतीय रूपही मालिन यांनीच नागपूरला केलं. ८९ बाबी आहेत: स्वतः जेवणं, कपडे घालणं, ओळखीच्या रस्त्यानं एकटं जाणं, पैसे सांभाळणं, बोलणं, इतरांत मिसळणं. उत्तरं आईवडील देतात, आणि घोटाळा तिथेच होतो. ‘वेणी घालते का?’ असं विचारल्यावर काही आया मायेपोटी ‘घालते की’ म्हणतात. काही जणी प्रमाणपत्र हुकेल या भीतीनं जे येतं तेही नाही म्हणतात. जाण्याआधी आठवडाभर एका वहीत लिहून ठेवा: कुठलं काम एकटी करते, कुठलं सांगितल्यावर, कुठलं हात धरून. ती वही घेऊन जा.

प्रश्न : माझ्या वर्गातली पाचवीची मुलगी वाचताना अडखळते. चाचणीत एकूण बुद्ध्यांक ८३ आला, त्यामुळे अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र मिळणार नाही म्हणाले. पण आकृत्यांच्या चाचणीत ती ७५ व्या शतमकावर आहे. असं कसं?
– शिक्षिका, लातूर

उत्तर : आकृत्यांची म्हणजे रेव्हनची चाचणी असावी. जॉन रेव्हननं ती १९३८ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यात शब्द नाहीत. नक्षीतला एक तुकडा गायब असतो, तो ओळखायचा. निकाल शतमकात मिळतो, म्हणजे शंभरातल्या किती मुलांच्या वर मूल आहे ते. ७५ वं शतमक वेक्सलरच्या मापात ११० च्या आसपास जातं. मग ११० आणि ८३ मध्ये २७ गुणांचं अंतर उरतं. नाशिकच्या पालकांना आम्ही धीर धरा म्हटलं, इथे तसं म्हणणार नाही. एवढं अंतर नुसत्या योगायोगानं पडत नाही.

विशिष्ट अध्ययन अक्षमता ठरवताना बुद्ध्यांक ८५ च्या वर असावा असा दंडक लावतात. हेतू असा, की वाचनाची अडचण एकूण आकलनाच्या मर्यादेमुळे नाही याची खात्री व्हावी. पण वाचनाची अडचण असलेल्या मुलांना नेमक्या काही उपचाचण्या जड जातात: अंकगणित, चिन्हलेखन, सामान्य माहिती आणि आकडे लक्षात ठेवून म्हणणं. ज्या अडचणीसाठी प्रमाणपत्र हवं, तीच अडचण एकूण आकडा खाली ओढते आणि त्या आकड्यामुळे प्रमाणपत्र अडतं. चोर सोडून संन्याशाला सुळी. तपासणाऱ्या मानसशास्त्रज्ञांना सांगा की एकूण बुद्ध्यांकाऐवजी भाषिक तर्क आणि दृश्य तर्क यांचा वेगळा निर्देशांक काढावा. वेक्सलरच्या नव्या आवृत्त्यांत स्मृती आणि वेग बाजूला ठेवून असा ‘सामान्य क्षमता निर्देशांक’ काढायची अधिकृत सोय आहे. तो पुरेसा वर आला आणि रिपोर्टमध्ये कारणासह लिहिला, तर फेरविचारासाठी ठोस आधार मिळतो.

आणखी एक विचारा: चाचणी कुठल्या भाषेत घेतली? मुलगी इंग्रजी माध्यमात आणि घरी मराठी असेल तर दोन्ही भाषांत ती अर्धी-अर्धी पकडली जाते. ‘साम्य सांगा’ या उपचाचणीत तिला विचार येतो पण शब्द दुसऱ्या भाषेतला आठवतो. परीक्षकानं दोन्ही भाषांतली उत्तरं मान्य केली की नाही, हे रिपोर्टमध्ये लिहिलेलं हवं.

मराठी आकड्यांचा तर वेगळाच अध्याय आहे. तोंडी गणितात ‘एकोणऐंशी’ म्हटलं की इंग्रजी माध्यमातलं मूल थबकतं, मनात ‘सेव्हंटी नाइन’ करून घेतं आणि तेवढ्यात वेळ संपतो. ‘एकोण’ म्हणजे पुढच्या दशकातून एक कमी, आणि तेही उलट्या क्रमानं. बालभारतीनं २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’ अशी पद्धत आणली तेव्हा राज्यभर खडाजंगी झाली. बाजू कुठलीही घ्या, वेळ लावलेल्या चाचणीत आकड्याच्या नावाची किंमत मोजावी लागते. वेल्समध्ये १९८० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एलिस आणि हेनेली यांना दिसलं, की वेल्श भाषेतले आकडे म्हणायला जास्त वेळ घेतात आणि म्हणूनच त्या भाषेत आकडे लक्षात ठेवण्याचा पल्ला इंग्रजीपेक्षा कमी भरतो. मुलांच्या स्मृतीत खोट नव्हती.

कोणी भाटिया संचाची शिफारस केली तर जरा थांबा. सी. एम. भाटिया यांचा १९५५ चा हा संच भाषा फार न वापरता होतो: कोहचे ठोकळे, पेटीतल्या सोंगट्या सरकवणं, एका रेषेत आकृती काढणं, ध्वनी लक्षात ठेवणं, चित्राचे तुकडे जुळवणं. कल्पना चांगली आहे, पण त्याची मानकं उत्तर प्रदेशातल्या ११ ते १६ वयाच्या मुलग्यांवर बसवलेली आहेत. लातूरच्या मुलीला ती लावून आलेल्या आकड्यावर कुठलाही निर्णय टेकवू नये.

प्रश्न : प्रवेशाच्या बुद्धिचाचणीसाठी क्लास लावावा का?
– पालक, ठाणे

उत्तर : आकडा वाढेल, बुद्धी नाही. ठोकळे आणि नक्षीच्या कामांत एकदा युक्ती कळली की दुसऱ्या वेळी गुण हमखास वाढतात. शब्दांच्या उपचाचण्यांत वाढ थोडी असते. आणि मुलानं प्रश्न आधी पाहिलेत हे अनुभवी परीक्षकाला पहिल्या पाच मिनिटांत कळतं. नक्षी पूर्ण बघायच्या आत हात ठोकळ्यांकडे जातो.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत असतो. शाळेच्या गिफ्टेड प्रोग्रॅमसाठी घेतलेल्या कॉगॅटमध्ये मुलाला १३१ मिळाले. दुजोरा म्हणून खासगीत वेक्सलर केली तर १२२. शाळेला दाखवायची की नको?
– वाचक, न्यू जर्सी

उत्तर : दाखवायला हरकत नाही. घसरण झालेलीच नाही.

कॉगॅट ही वर्गात एकदम सगळ्यांची घ्यायची चाचणी, तिचं प्रमाण विचलन १६. १३१ म्हणजे सरासरीच्या १.९४ विचलनं वर. आता लक्षात घ्या, वेक्सलर तुम्ही केलीत ती पहिला आकडा उंच आला म्हणून. उंच आलेल्या आकड्यात थोडा तरी त्या दिवसाचा नशिबाचा वाटा असतो: दोन अंदाज बरोबर लागले, झोप छान झाली होती. दुसऱ्या चाचणीत तो वाटा बरोबर येत नाही. दोन चाचण्यांचा सहसंबंध ०.८ धरला तर अपेक्षित जागा १.९४ गुणिले ०.८, म्हणजे १.५५, वेक्सलरच्या मापात १२३. तुमच्या मुलाला १२२ मिळाले. तुम्ही ९ गुणांचं नुकसान मोजताय, आम्हाला एक गुण दिसतो, आणि एक गुण म्हणजे काहीच नाही. याच नियमानं पहिल्यांदा फार कमी आलेल्या मुलाचा दुसरा आकडा सहसा थोडा वर येतो. तेव्हा मधल्या महिन्यांतल्या शिकवणीला किंवा गोळ्यांना श्रेय देऊन टाकायची घाई करू नये.

काही शाळा दोन्हींपैकी वरचा आकडा घेतात, काही फक्त स्वतःचीच चाचणी मानतात. तुमच्या डिस्ट्रिक्टचा लेखी नियम आधी वाचा.

प्रश्न : चाचणीच्या आदल्या रात्री मुलाला ताप होता. सकाळी उतरला म्हणून नेलं. गुण फार कमी आले. तीच चाचणी महिन्याभरात पुन्हा घेता येईल?
– पालक, पणजी

उत्तर : तीच नाही. एक वर्ष तरी थांबावं, नाहीतर पाठांतराचे गुण मिळतील आणि तो आकडा पहिल्यापेक्षाही निरुपयोगी ठरेल. घाई असेल तर दुसऱ्या मालिकेतली चाचणी घ्या आणि रिपोर्टमध्ये दोन्हींचा उल्लेख करायला सांगा.

जुना रिपोर्ट फेकू नका. आजारपणानं किंवा जागरणानं सगळे गुण सारखे पडत नाहीत. आधी पडतात ते वेगाचे आणि आकडे लक्षात ठेवण्याचे. शब्दांचे अर्थ आणि सामान्य माहिती बऱ्यापैकी टिकून राहतात. तसाच नमुना दिसला तर तापाची शंका रास्त. सगळंच एकसारखं खाली असेल तर ताप हे कारण पुरत नाही.

पुढच्या वेळी नेताना सकाळची वेळ घ्या आणि पोटभर नाश्ता देऊन न्या. लक्ष केंद्रित होण्यासाठीचं औषध चालू असेल तर ते त्या दिवशी द्यायचं की नाही हे डॉक्टरांना आधी विचारा आणि जे ठरेल ते परीक्षकांना सांगा. चष्मा किंवा श्रवणयंत्र घरी राहिलं असेल, मूल रात्रभर जागलं असेल, तर ते दारातच बोलून टाका. सुरुवात करण्याआधी कळलं तर दुसरा दिवस देता येतो, अर्ध्यावर कळलं तर उरलेल्या उपचाचण्या दुसऱ्या बैठकीत घेता येतात. झालेल्या मात्र परत घेता येत नाहीत.